पुण्यात राहून ड्रायसूट निवडताना

मालवण, नेत्राणी किंवा अंदमानात डाइव्हिंग शिकलेल्या पुणेकराला पाण्याच्या तापमानाचा विचार करायची वेळ सहसा येतच नाही. पाणी २७-२८ अंश, अंगात तीन मिलिमीटरचा वेटसूट, आणि तोही थंडीपेक्षा जेलीफिशच्या आणि खरचटण्याच्या धास्तीनं घातलेला. प्रश्न उभा राहतो तो नंतर. हिंजवडीतून कोणी वर्षभरासाठी ऑनसाइट म्हणून स्कॉटलंडला जातं, कोणाची बदली सिॲटलला होते, कोणी आइसलँडच्या सहलीत सिल्फ्रा ही पाण्यानं भरलेली भेग बघायचं ठरवतं. मग विचारणा सुरू होते, ‘ड्रायसूट, म्हणजे पाणी आत येऊ न देणारा सूट, कोणता घेऊ?’

या विषयावर जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक थंड देशांतल्या लोकांनी स्वतःसाठी लिहिलेलं असतं. त्यांचा सूट दर शनिवार-रविवारी पाण्यात जातो आणि बिघडला तर जवळपास दुरुस्तही होतो. आपला सूट वर्षातले अकरा महिने कपाटात पडून राहणार, एप्रिल-मेची काहिली सोसणार, जुलैत दमट हवा खाणार आणि त्याची झिप गेली तर ती बदलून देणारा कारागीर शहरात मिळणं दुरापास्त. त्यामुळे सूट पाण्यात कसा वागतो याइतकंच तो कपाटात कसा टिकतो हे आपल्याला बघावं लागतं. माझ्या बहुतेक शिफारशी याच हिशेबानं केलेल्या आहेत आणि त्या युरोपातल्या दुकानदाराच्या सल्ल्याशी दर वेळी जुळणार नाहीत.

आधी पाणी किती थंड आहे ते बघा

पाणी शरीरातली उष्णता हवेच्या साधारण २५ पट वेगानं ओढून नेतं. पुण्यात डिसेंबरात पारा १२ अंशांवर आला की आपण कानटोप्या काढतो. १२ अंशांच्या पाण्यात पाऊण तास घालवणं हा त्याच्या कितीतरी पलीकडचा प्रकार आहे. वेटसूट अंगालगत पाण्याचा पातळ थर अडकवतो आणि निओप्रीन या फेसाळ रबरामधल्या हवेच्या बुडबुड्यांवर भिस्त ठेवतो. खोल गेलं की हे बुडबुडे चेपतात. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, वायूचं आकारमान निम्मं होतं, आणि ऊबही तशीच घटते. ड्रायसूटमध्ये पाणी आतच येत नाही. अंगाभोवती हवा असते आणि खोल जाताना चेपणारी हवा आपण व्हॉल्व्हमधून पुन्हा भरत राहतो.

ढोबळ हिशेब असा: २४ अंशांच्या वर तीन मिलिमीटरचा वेटसूट पुरतो, १८ ते २४ मध्ये पाच, १२ ते १८ मध्ये सात मिलिमीटर किंवा सेमी-ड्राय (पाणी अगदी थोडंच आत येऊ देणारा जाड वेटसूट), आणि १२ च्या खाली ड्रायसूट. आपण उष्ण हवेत वाढलेले लोक, म्हणून मी यातला शेवटचा आकडा १५ वर आणीन. दिवसाला दोन-तीन डाइव्ह असतील, होडीवर बोचरा वारा असेल, तर १५-१६ अंशांनाही ड्रायसूटमधला माणूस सुखी असतो आणि सेमी-ड्रायवाला दुसऱ्या डाइव्हला नाही म्हणतो.

आता ठिकाणं. आइसलँडमधल्या सिल्फ्रात पाणी बाराही महिने २ ते ४ अंश असतं, तिथं ड्रायसूटशिवाय उतरवतच नाहीत. शिवाय ड्रायसूटचं प्रमाणपत्र किंवा आधीच्या ड्रायसूट डाइव्हची सही-शिक्क्याची नोंद मागतात. ऑर्कनी बेटांजवळच्या स्कापा फ्लोमध्ये २१ जून १९१९ रोजी जर्मन नौदलानं आपलाच ताफा बुडवला होता. त्यातली उरलेली जहाजं बघायला जगभरातून डाइव्हर जातात. तिथं भर उन्हाळ्यातही पाणी १२-१४ अंशांच्या आसपास. नॉर्वेत बोडोजवळच्या साल्टस्ट्राउमेनला थंडीच्या जोडीला भरती-ओहोटीचा जबरदस्त ओढा असतो. इंग्लंडमध्ये मुक्काम असेल तर लेस्टरशायरमधल्या स्टोनी कोव्हसारख्या पाण्यानं भरलेल्या जुन्या खाणीत लोक हिवाळ्यातही उतरतात. तेव्हा पाणी पाच-सहा अंशांपर्यंत खाली येतं.

आयुष्यात एकदाच सिल्फ्रा करायचं असेल तर सूट विकत घेऊ नका. तिथं भाड्याचा मिळतो. त्याच पैशात आधी कुठेतरी ड्रायसूटचा कोर्स करा. वर्ष-दोन वर्षं थंड देशात राहणार असाल किंवा दरवर्षी एक फेरी नक्की असेल, तर मात्र स्वतःचा सूट परवडतो. नवा सूट साधारण लाखाच्या घरात सुरू होतो आणि मापानुसार शिवलेला चांगला सूट तीन-चार लाखांपर्यंत जातो. आतला कपडा, हूड, हातमोजे वेगळे.

सूटच्या आधी आतला कपडा

बहुतेक जण इथंच उलटा क्रम लावतात. ड्रायसूट, विशेषतः कापडी, स्वतः ऊब देत नाही. तो फक्त पाणी अडवतो. ऊब देतो तो आतला अंडरसूट. म्हणून तो आधी ठरवायचा आणि सूटचं माप त्यावर घ्यायचं.

अंगाला लागून एक पातळ थर घ्या, मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा. हिमालयात ट्रेक केलेल्या पुणेकराच्या कपाटात हा बहुधा असतोच, डेकॅथलॉनमधून आणलेला. तोच चालतो. सुती बनियन मात्र चालत नाही. घाम शोषून ते ओलं राहतं आणि दुसऱ्या अर्ध्या तासात तुम्हाला कुडकुडवतं. ट्रेकचं पिसांचं जॅकेटही घालू नका. पाण्याच्या दाबानं पिसं चपटी होतात, ओली झाली तर निरुपयोगीच.

या थरावर खरा अंडरसूट येतो. थिन्सुलेट या कृत्रिम भरावाचे अंडरसूट ग्रॅममध्ये सांगितले जातात, म्हणजे एका चौरस मीटर भरावाचं वजन. १० ते १५ अंशांना २०० ग्रॅमचा, ४ ते १० ला ३०० च्या आसपासचा, त्याखाली ४०० चा, असा अंदाज धरा. घेताना भराव मुठीत दाबून बघा. दाबल्यावर लगेच फुलून वर येणारा घ्या. जो मुठीत चपटा होऊन तसाच राहतो तो पाण्याखालीही तसाच राहणार. एकच जाड अंडरसूट घेण्यापेक्षा २०० चा एक आणि वरून घालायला बिनबाह्यांचं जाड जॅकेट अशी जोडी मला जास्त उपयोगी वाटते. त्यात स्कॉटलंडचा सप्टेंबरही निभतो आणि आइसलँडचा मार्चही.

बॅटरीवर तापणारी बंडी मिळते, छान असते, पण पहिल्या सूटबरोबर ती घेऊ नका. ती डाइव्हच्या मध्यात बंद पडली तर अंगावरच्या बाकीच्या कपड्यांत सुखरूप वर येता आलं पाहिजे. शिवाय लिथियम बॅटरी १०० वॅट-तासांहून मोठी असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते, १६० च्या वर प्रवासी विमानात नेता येत नाही. सूटमध्ये हवेऐवजी आरगॉन वायू भरणं हा शौकिनांचा विषय आहे, सोडून द्या.

कोणत्या कापडाचा

ट्रायलॅमिनेट म्हणजे तीन थरांचं कापड: बाहेर-आत नायलॉन किंवा पॉलिएस्टर आणि मधे ब्युटाइल रबर. हलकं असतं, घडी होते, लवकर वाळतं, खोलीनुसार त्याची बॉयन्सी, म्हणजे तरंगण्याची क्षमता, बदलत नाही. ते ताणलं मात्र जात नाही, त्यामुळे सूट थोडा ऐसपैस शिवावा लागतो आणि पोहताना पाण्याचा अडथळा जरा जास्त होतो.

साधा निओप्रीनचा ड्रायसूट अंगासरशी बसतो आणि स्वतःही ऊब देतो. पण खोलीवर चेपतो, जड असतो आणि वाळता वाळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात टॉवेल वाळायला दोन दिवस लागतात. तिथं ओल राहिलेला जाड निओप्रीनचा सूट म्हणजे बुरशीला आमंत्रण. आधीच दाबून घट्ट केलेलं क्रश्ड निओप्रीन खूप टिकाऊ असतं, गंजक्या जहाजांत शिरणाऱ्यांचं ते आवडतं, पण वजन आणि किंमत दोन्ही वाढतात. व्हल्कनाइझ्ड रबराचा सूट पूर्ण धुऊन निर्जंतुक करता येतो, म्हणून घाण पाण्यात काम करणारे व्यावसायिक डाइव्हर तो वापरतात. हौशी माणसाला त्याची गरज नाही.

पुण्यात राहणाऱ्याला माझं उत्तर ट्रायलॅमिनेट. विमानाच्या सामानात त्याचं वजन तीन-चार किलोंच्या आसपास बसतं, पंख्याखाली तो रातोरात वाळतो, आणि अंडरसूट बदलून तोच सूट वेगवेगळ्या पाण्यांत चालतो. गुडघे आणि बैठकीच्या जागी जाड ठिगळ लावलेलं असावं. आधी झिजतात त्या याच जागा.

सील: इथं घाई करू नका

मान आणि दोन मनगटं, या तीन जागी सूट संपतो आणि कातडी सुरू होते. तिथं पाणी अडवणारा घट्ट पट्टा म्हणजे सील. पाणी आत येतं ते बहुतेक वेळा इथूनच.

लॅटेक्सची सील पातळ, ताणली जाणारी आणि स्वस्त. थंड देशात ती दोन-तीन वर्षं जातात. पुण्यात ऊन, उकाडा आणि तेल हे तिचे तीन वैरी घरातच आहेत. केसांना लावलेलं खोबरेल मानेवर उतरतं आणि लॅटेक्स चिकट, ढिलं करून टाकतं. डाइव्हच्या आदल्या रात्रीपासून तेल बंद, सनस्क्रीनही मानेपासून लांब. लॅटेक्सची सील म्हणजे कुकरची रिंग समजा: ती संपणारच, प्रश्न फक्त सुट्टी ऐन रंगात असताना संपते की आधी, एवढाच.

सिलिकॉनची सील मऊ असते, लॅटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांना चालते आणि उष्णतेत पडून राहिली तरी लॅटेक्सइतकी सडत नाही. नखानं मात्र पटकन फाटते. ती नेहमीच्या गोंदानं चिकटत नाही, म्हणून सूटला प्लास्टिकची रिंग बसवलेली असावी लागते. आपल्या दृष्टीनं तोच तिचा मोठा फायदा आहे. स्वीडनच्या एसआय टेकसारख्या कंपन्यांच्या रिंगा असल्या की फाटलेली सील काढून नवी बसवणं होडीवरही दहा-पंधरा मिनिटांत होतं. गोंद नको, कारागीर नको. पुण्यात राहून सूट घ्यायचा तर मानेला आणि मनगटांना रिंगा हव्यातच, त्यासाठी दुसरीकडे काटकसर करावी लागली तरी चालेल. आणि सुटे सील दोन जोड आधीच घेऊन ठेवा.

निओप्रीनची मानेची सील गरम राहते आणि वर्षानुवर्षं टिकते, पण घालताना तिची कड आत दुमडावी लागते. नवख्याला ते जमायला वेळ लागतो.

सीलची घट्टता हा जिवाशी संबंध असलेला विषय आहे. मानेची सील फार आवळली तर गळ्याच्या बाजूच्या रक्तवाहिन्यांवर दाब येऊन गरगरतं, क्वचित शुद्धही हरपू शकते. दुकानात ती नुसती घालून काढू नका. दहा-पंधरा मिनिटं अंगावर ठेवा, मान दोन्हीकडे वळवा, बोला, आवंढा गिळा. चेहरा लालबुंद होत असेल किंवा डोकं जड होत असेल तर ती घट्ट आहे. लॅटेक्सच्या सीलवर कापण्यासाठी गोल रेघा असतात. एका वेळी एकच कडी कापायची, धारदार कात्रीनं, मधे न थांबता एका दमात. कात्री थांबते तिथं खाच पडते आणि सील पुढे त्या खाचेपासूनच फाटते. सिलिकॉनलाही हीच काळजी घ्या. खूप कापण्याआधी एक रात्र ती स्टीलच्या डब्यावर ताणून ठेवून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानं काम होतं.

आता आपल्याकडची एक खास अडचण. मनगटावर देवळातला गंडा असतो, राखीचा धागा असतो, बोटात खड्याची अंगठी. सीलखाली एक धागा जरी आडवा गेला तरी त्याच्या वाटेनं पाणी डाइव्हभर थेंब थेंब आत येत राहतं. गळ्यातली साखळी, मंगळसूत्र, रुद्राक्षाची माळ मानेच्या सीलखाली सापडली तरी तेच. काढायचं नसेल तर माळ पूर्णपणे सूटच्या आत, सीलच्या खाली बसेल इतकी लांब हवी. मनगटावरच्या धाग्याला तसा पर्याय नाही, तो सीलच्या पार वर कोपराकडे सरकवा, नाहीतर उतरवा. लांब केसही असेच. हूड चढवण्याआधी मानेभोवती बोट फिरवून एकही केस सीलखाली नाही ना, हे जोडीदाराकडून बघून घ्या. दाढी सीलच्या रेषेपर्यंत आली असेल तर तेवढी पट्टी वस्तऱ्यानं साफ करा.

झिप, व्हॉल्व्ह, पाय आणि हात

पाठीवर खांद्याच्या रेषेत आडवी झिप असलेले सूट स्वस्त पडतात, पण ती झिप दुसऱ्यानं लावावी लागते. छातीवरून तिरकी जाणारी झिप आपली आपल्याला लावता येते. मी पुढची झिप घ्या म्हणेन. झिप पितळेची किंवा प्लास्टिकची असते. पितळेची मजबूत, पण तिला नियमित मेण लागतं आणि पडून राहिली की हिरवट चढते. प्लास्टिकची हलकी आणि लवचीक असते, तिच्या बंद होण्याच्या टोकाला अगदी थोडं ग्रीस पुरतं. वर्षातून एकदा बाहेर निघणाऱ्या सूटला मला प्लास्टिकची झिप बरी वाटते. दोन्ही प्रकारांत झिप वाकवून, मुडपून ओढायची नाही. सूटचा सगळ्यात महागडा बिघाड म्हणजे झिप.

छातीवर हवा भरायचा व्हॉल्व्ह आणि डाव्या दंडावर हवा सोडायचा व्हॉल्व्ह, ही आजची रूढ मांडणी आहे. छातीचा व्हॉल्व्ह बीसीडीच्या (हवा भरून तरंगणं सांभाळायच्या जॅकेटच्या) पट्ट्याखाली दबत नाही ना, हे स्वतःचा बीसीडी चढवून बघा. होजची, म्हणजे सूटला हवा आणणाऱ्या नळीची, जोडणी दोन-तीन प्रकारची असते. सूटबरोबर आलेली होज जपून ठेवा, ऐनवेळी होडीवर दुसऱ्याची बसेलच असं नाही.

पायाला सूटलाच जोडलेले बूट किंवा मऊ मोजे आणि वरून वेगळे बूट, असे दोन प्रकार. मोज्यांचा सूट लहान घडी होतो आणि बूट झिजला तर तेवढाच बदलता येतो. कोणताही घ्या, पण फिन्स (पोहताना पायात घालायचे पंख) विसरू नका! मालवणला वापरलेल्या फिन्समध्ये ड्रायसूटचा बूट शिरत नाही. एक-दोन मापं मोठ्या, मागे स्प्रिंगचा पट्टा असलेल्या फिन्स लागतात.

हातांसाठी १० अंशांच्या आसपास पाच मिलिमीटरचे ओले हातमोजे चालतात. सिल्फ्राच्या पाण्यात बोटं पहिल्या काही मिनिटांत तक्रार करायला लागतात. रिंगांवर बसणारे कोरडे हातमोजे घेतलेत तर आत लोकरीचे मोजे घालता येतात. डोक्याला सात मिलिमीटरचा हूड. मांडीवर दोन मोठे खिसे हवेत, कारण जाड बाह्यांमुळे बीसीडीच्या खिशापर्यंत हात पोचत नाही.

लघवीचा प्रश्न कोणी विचारत नाही, पण सगळ्यांना पडतो. थंड पाण्यात ती जास्त लागते. त्या भीतीनं पाणी कमी पिऊ नका, शरीरातलं पाणी कमी होणं डीकंप्रेशनच्या, म्हणजे वर येताना अंगात विरघळलेला वायू बाहेर पडण्याच्या, दृष्टीनं वाईट. अर्ध्या-पाऊण तासाच्या डाइव्हला उतरण्याआधी जाऊन येणं पुरतं. लांब डाइव्हसाठी मोठ्यांचे डायपर आहेत आणि सूटला बसवायचा व्हॉल्व्हही आहे. बायकांसाठीही तशी जोडणी मिळते.

माप: शिंप्याला काय सांगायचं

तयार मापाचा सूट अंगाला बसत असेल तर उत्तम. दुकानात जाताना अंडरसूट बरोबर न्या आणि तो घालूनच सूट घालून बघा. पूर्ण उकिडवे बसा. दोन्ही हात डोक्यावरून मागे नेऊन मानेच्या मागे सिलिंडरचा नळ जिथे येईल तिथपर्यंत पोचवा. हात छातीवर एकमेकांत गुंतवून विरुद्ध खांदे पकडा. एक पाय उचलून फिनचा पट्टा ओढल्याची नक्कल करा. जांघेत किंवा खांद्यात ताण आला तर सूट लहान आहे. उभं राहिल्यावर पोटऱ्यांभोवती कापडाच्या झोळ्या लोंबत असतील तर तो मोठा आहे. मोठ्या सूटमधली जादा हवा पायांकडे धावते आणि तुम्हाला उलटं करते, म्हणून ‘जरा सैल असू दे’ हा आपला नेहमीचा विचार इथं घातक ठरतो.

मापानुसार सूट शिवून देणाऱ्या कंपन्या मापांचा तक्ता पाठवतात. इंग्लंडची सीस्किन किंवा ओटर, पोलंडची सान्ती, फिनलंडची अर्सूट, अमेरिकेची डीयूआय ही त्यातली जुनी-जाणती नावं. पुण्यात बसून ही मापं चांगल्या शिंप्याकडून घेता येतात. तुमचा नेहमीचा लक्ष्मी रोडचा शिंपी असेल तर तोच गाठा. पण त्याला दोन गोष्टी ठासून सांगा. पहिली, ‘लूझिंग किती ठेवू?’ असं तो विचारणारच, तर शून्य. कंपनीला अंगाचं माप हवं असतं, ढिलाई ती स्वतः धरते. शिंप्यानं सवयीनं दोन इंच सोडले आणि कंपनीनं वर आपले धरले, तर सूट दोघांना पुरेल. दुसरी, मापं सेंटीमीटरमध्ये. तक्त्यात अंडरसूट घालून माप मागितलंय की बिगर अंडरसूट, तेही नीट वाचा. छाती, कंबर सगळेच घेतात. जे चुकतं ते धडाच्या उंचीचं माप: मानेच्या खळगीपासून जांघेतून मागे मानेच्या हाडापर्यंतचा पूर्ण फेर. तो दोनदा घ्या.

जुना सूट घ्यायचा असेल तर

परदेशात चांगले जुने सूट अर्ध्या किमतीत मिळतात. सील किती जुनी आहेत याची चिंता करू नका, ती बदलायचीच आहेत. झिपेचा एकेक दात बघा, तिच्या कडेची रबरी पट्टी हलकेच वाकवून भेगा शोधा, आणि शक्य असेल तर हवा भरून बघा.

ही गळतीची तपासणी घरीही करता येते आणि यायलाच हवी. सूट उलटा करायचा नाही, सुलटाच ठेवायचा. एका मनगटाच्या सीलमध्ये रिकामी पाण्याची बाटली बसवा, मानेच्या सीलमध्ये त्या मापाचा स्टीलचा डबा, वरून रबरबँड. झिप पूर्ण लावा, दंडावरचा व्हॉल्व्ह घट्ट बंद करा. दुसऱ्या मनगटातून गादीला हवा भरायच्या पायपंपानं सूट फुगवा आणि तेही तोंड बाटलीनं बंद करा. टणक फुगवायचा नाही, बोट टेकवल्यावर जरा दबेल इतपतच. मग भांड्याच्या साबणाचं पातळ पाणी स्पंजानं शिवणींवरून, जांघेतून, झिपेच्या दोन्ही टोकांवरून, व्हॉल्व्हच्या कडेनं फिरवा. भोक असेल तिथं बारीक फुग्यांचा पुंजका वर येतो. लगेच शिंप्याच्या खडूनं गोल करा, कारण साबण वाळला की जागा सापडत नाही. धुऊन, पूर्ण वाळवून, आतल्या बाजूनं ॲक्वाशुअरसारखा लवचीक गोंद लावा आणि एक पूर्ण दिवस हात लावू नका.

सराव आणि कोर्स

पॅडी, एसएसआय, बीसॅक या डाइव्हिंग शिकवणाऱ्या सगळ्या संस्थांचे ड्रायसूटचे वेगळे कोर्स आहेत. ते टाळू नका. वेटसूटमध्ये शंभर डाइव्ह केलेला माणूसही ड्रायसूटमध्ये पहिल्यांदा नवशिका असतो. वर येताना सूटमधली हवा फुगते आणि ती वेळेवर सोडली नाही तर तुम्ही बाटलीच्या बुचासारखे वर जाता. पाय वर झाले आणि हवा बुटांत गेली तर दंडावरच्या व्हॉल्व्हमधून ती निघतच नाही. अशा वेळी गुडघे पोटाशी घेऊन पुढे गोल वळायचं आणि सरळ व्हायचं. हवा भरायचा व्हॉल्व्ह अडकला तर होज व्हॉल्व्हपासून सोडवून वेगळी करायची. या दोन हालचाली हाताला सवयीच्या होईपर्यंत करा.

वजनही वाढतं. अंडरसूटच्या जाडीप्रमाणे खाली जाण्यासाठी अंगावर बांधायचं शिसं दोन ते पाच किलो जास्त लागू शकतं, आणि गोड्या पाण्यातून खाऱ्या पाण्यात गेलात की पुन्हा हिशेब करावा लागतो. सूटमध्ये हवा किती घ्यायची यावर प्रशिक्षकांत मतभेद आहेत. माझं मत, अंगाला चिमटे बसू नयेत आणि ऊब राहावी इतकीच हवा सूटमध्ये, बाकी तरंगण्याचं काम बीसीडीकडे.

पुण्यात सराव करायचा तर खोल जलतरण तलावाची परवानगी आणि प्रशिक्षक दोन्ही हवेत. तलावाच्या कोमट पाण्यात जाड अंडरसूट घालून उतरू नका, उष्माघाताची पाळी येईल. आत फक्त पातळ थर घाला, काठावर सूट घालून ताटकळत बसू नका, वीस मिनिटांनी बाहेर या. आणि खडकवासल्यात किंवा पानशेतला ‘जरा बघून येऊ’ हा विचार मनातही आणू नका. गढूळ पाणी, गाळ, खाली काय आहे याचा पत्ता नाही, आणि धरणाच्या पाण्यात उतरायला मनाई असते ती वेगळीच.

सूट चांगला घेतला आणि रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडाला देणारं यंत्र, मालवणचाच नेला तर अर्धंच काम झालं. थंड पाण्यात साधा रेग्युलेटर गोठून अखंड हवा सोडू लागतो. युरोपच्या ईएन २५० मानकाखाली ज्या रेग्युलेटरवर १० अंशांच्या वरच वापरा असं छापलेलं असतं, तो तिथं नेऊ नका. थंड पाण्याचा रेग्युलेटर भाड्यानं मिळतो, तोच घ्या.

कपाटातले अकरा महिने

परत आल्यावर सूट बाहेरून गोड्या पाण्यानं धुवा, आतून ओला झाला असेल तर आतूनही. सावलीत, पंख्याखाली वाळवा. गच्चीवर उन्हात नको. पायांत पाणी साचतं, म्हणून आधी पाय वर करून टांगा आणि मोजे पूर्ण कोरडे झाल्याशिवाय आत ठेवू नका. लॅटेक्सला सुगंधविरहित टाल्कम पावडर लावा. पितळी झिप असेल तर तिला मेण लावून ती उघडी ठेवा आणि लॅटेक्सला टेकू देऊ नका. तांब्याचा अंश असलेला धातू लॅटेक्स खराब करतो.

माळ्यावर ठेवू नका. वरच्या मजल्यावरचा माळा मे महिन्यात भट्टी होतो. बेडरूमच्या कपाटात, रुंद खांद्याच्या हँगरवर किंवा सैल घडी करून जुन्या सुती चादरीत ठेवा. फ्रिज, मिक्सर, इन्व्हर्टर यांच्याजवळ नको, विजेच्या मोटारींमधून निघणारा ओझोन रबराला खातो. कपड्यांत टाकतो त्या डांबरगोळ्याही नकोत. रिंगांवरची सील काढून वेगळ्या डब्यात, अंधारात ठेवली तर आणखी बरं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा सूट बाहेर काढून पंख्याची हवा द्या आणि त्याच वेळी झिप एकदा मागे-पुढे फिरवा.

पुढच्या प्रवासाच्या महिनाभर आधी वर सांगितलेली हवा भरायची तपासणी करा. सील मागवायची वेळ आली तर कुरिअर यायला तेवढे दिवस हवेत. आणि महागडा सूट पुण्याहून परदेशी घेऊन निघत असाल तर जाताना विमानतळावर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, सूटची पावती आणि फोटो जवळ ठेवा. नाहीतर परतताना तो नवा विकत आणलाय असं समजून ड्युटी मागितली जाऊ शकते. हा कागद चेक-इनच्या आधी करावा लागतो, कारण अधिकाऱ्याला वस्तू दाखवावी लागते. बॅग एकदा पट्ट्यावर गेली की ती परत मिळत नाही.